हे कुठून आलंय? ड्रीम थिएटर ऐकताना प्रभाव ओळखायचे कसे

ड्रीम थिएटर हा अमेरिकन प्रोग्रेसिव्ह मेटल बँड, म्हणजे मेटलचा जडपणा आणि प्रोग्रेसिव्ह रॉकची (प्रोगची) लांब, गुंतागुंतीची रचना एकत्र. तो नव्याने ऐकायला लागलेल्यांचा एक ठरलेला प्रॉब्लेम असतो. गाणी आवडतात, पण जुने फॅन्स गप्पा मारायला लागले की सगळं डोक्यावरून जातं. एकजण म्हणतो हा तुकडा सरळसरळ रश आहे, दुसरा म्हणतो छे, डिक्सी ड्रेग्ज, तिसरा मधेच किंग क्रिमसन काढतो आणि आपण नुसती मान डोलवत बसतो. मीही बरेच दिवस तेच केलं. मग शहाणपणा म्हणून त्या सगळ्या बँड्सची नावं पाठ केली, त्याने काहीही झालं नाही, कारण नाव माहीत असणं वेगळं आणि या या मिनिटाला या या वाद्याने ही ही गोष्ट तिकडून उचललीये असं बोट ठेवून दाखवणं वेगळं. हा लेख त्या बोट ठेवण्याबद्दल आहे. संगीताचं शिक्षण लागत नाही, कान आणि थोडा चिवटपणा लागतो, आणि इअरफोन बरे असले तर उत्तम कारण या लोकांचा बेस नीट ऐकू येणं हा एक स्वतंत्र विषय आहे.

सुरुवात अंदाजाने करू नका, जिथे पुरावाच हातात आहे तिथून करा. म्हणजे कव्हर्स. बँडने दुसऱ्याचं गाणं वाजवलंय म्हटल्यावर त्यांनी ते बारकाईने ऐकलंय यात वादच नाही. १९९५ च्या 'अ चेंज ऑफ सीझन्स'मध्ये तेवीस मिनिटांचं एक स्वतःचं गाणं आहे आणि बाकी सगळी कव्हर्स, लंडनला रॉनी स्कॉट्समध्ये लाइव्ह वाजवलेली: एल्टन जॉन, डीप पर्पल, लेड झेपलिन, आणि शेवटी एक लांबलचक मेडले ज्यात पिंक फ्लॉइड, कॅन्सस, क्वीन, जर्नी, डिक्सी ड्रेग्ज, जेनेसिस असे सगळे एकामागून एक येऊन जातात. २००९ च्या 'ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज'च्या स्पेशल एडिशनमध्ये कव्हर्सची आख्खी सीडी आहे, तिच्यात रेनबो, क्वीन, डिक्सी ड्रेग्ज, झेब्रा, किंग क्रिमसन आणि आयर्न मेडन. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं की क्वीन आणि डिक्सी ड्रेग्ज दोन्हीकडे आहेत, चौदा वर्षांच्या अंतराने. मला हे कुठल्याही मुलाखतीपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

शिवाय या लोकांना आख्खे अल्बम स्टेजवर वाजवायची खोड होती. २००२ ला मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि आयर्न मेडनचा 'नंबर ऑफ द बीस्ट', २००५ ला पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', २००६ ला डीप पर्पलचा 'मेड इन जपान'. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, ओळीने. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारायचा की याच्यानंतर त्यांनी कसलं संगीत केलं. २००२ ला मेटॅलिका आणि मेडन वाजवले आणि २००३ ला आला 'ट्रेन ऑफ थॉट', त्यांचा तोवरचा सगळ्यात जड, काळाकुट्ट अल्बम. हा योगायोग नव्हता, स्टेजवर त्या जड गाण्यांची जी मजा आली तसलंच काहीतरी स्वतःचं करायचं होतं त्यांना. म्हणून अल्बम ऐकताना त्याच्या मागच्या वर्षी बँड काय वाजवत होता, कोणाबरोबर टूरवर होता ते बघून ठेवायचं. १९९८ ला हे लोक डीप पर्पल आणि इमर्सन लेक अँड पामरच्या आधी वाजवत होते, २००४ ला येसच्या आधी. लहानपणी ज्यांचे पोस्टर लावले त्यांच्यासाठी स्टेज तापवून द्यायचं, काय वाटलं असेल देव जाणे.

रशचं मात्र वेगळं. ती तर जन्मकथाच आहे. १९८५ ला बोस्टनच्या बर्कली कॉलेजात जॉन पेट्रुची (गिटार) आणि जॉन माययुंग (बेस) या दोघांना माइक पोर्टनॉय (ड्रम्स) भेटला आणि बँडचं पहिलं नाव पडलं मॅजेस्टी. रशच्या तिकिटांसाठी रांगेत बसलेले असताना रशचंच 'बॅस्टील डे' चालू होतं, त्याचा शेवट ऐकून पोर्टनॉय म्हणाला की हे किती मॅजेस्टिक आहे, झालं नाव. पुढे ते नाव दुसऱ्या कोणाचं तरी निघालं म्हणून बदलावं लागलं, आणि ड्रीम थिएटर हे नाव पोर्टनॉयच्या वडिलांनी सुचवलं, कॅलिफोर्नियातल्या एका सिनेमा थिएटरवरून. वडिलांची गोष्ट लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

आता दुसरी पायरी, आणि नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. बँड म्हणजे एक माणूस नव्हे. 'ड्रीम थिएटरवर रशचा प्रभाव आहे' हे वाक्य इतकं ढोबळ आहे की त्याला काही अर्थच उरत नाही. कोणावर? ड्रमरवर, बेसवाल्यावर, की गाणं रचण्याच्या पद्धतीवर? म्हणून एक गाणं घ्या आणि ते चारपाच वेळा ऐका, दर वेळी एकाच वाद्याच्या मागे लागा. कंटाळा येतो, पण दुसरा शॉर्टकट मला तरी सापडलेला नाही.

बेसच्या मागे लागलात तर माययुंगमध्ये येसचा क्रिस स्क्वायर, रशचा गेडी ली आणि मेडनचा स्टीव्ह हॅरिस हे तिघं सापडायला हवेत. हॅरिस ओळखायला सगळ्यात सोपा, घोड्याच्या टापा असतात तसा बेस, एक लांब दोन आखूड, एक लांब दोन आखूड. मेडनची दोनचार गाणी ऐकलीत की ही चाल डोक्यातून जात नाही. ड्रम्समध्ये पोर्टनॉयचा देव म्हणजे रशचा नील पिअर्ट, पण त्याच्याइतकाच फ्रँक झापा, आणि हे लोक विसरतात. अतिशय गंभीर तुकड्यात अचानक काहीतरी थिल्लर, सर्कशीसारखं वाजायला लागलं की मला आधी झापा आठवतो. कीबोर्डवर जॉर्डन रुडेस, जो १९९९ च्या 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'पासून आहे, हा नऊ वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीत विद्यालयात क्लासिकल पियानो शिकायला गेलेला माणूस आणि मग इमर्सन लेक अँड पामरचं 'टार्कस' ऐकून बिघडलेला (चांगल्या अर्थाने). 'सीन्स फ्रॉम अ मेमरी'मधलं 'द डान्स ऑफ इटर्निटी' हे गाणं लावा, त्यात शंभराहून जास्त वेळा ताल बदलतो, आणि एवढ्या मारामारीत मधोमध येतो जुन्या काळचा रॅगटाइम पियानो. पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. कीथ इमर्सनलाही रॅगटाइमचं असंच वेड होतं, त्याच्या बँडच्या १९७७ च्या अल्बममध्ये 'मेपल लीफ रॅग' आहे. रुडेसने तो तुकडा वाजवताना इमर्सनच डोक्यात होता का ते मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण मेटलच्या गाण्यात रॅगटाइम घुसवायची हिंमत कुठून येते याचं उत्तर मला तरी तिथे दिसतं.

गिटारवर जरा जास्त थांबतो कारण माझा आवडता मुद्दा इथे आहे. पेट्रुचीचं म्हटलं की लोक मेटॅलिकाचं नाव घेतात, रिफच्या (गाण्यात परत परत येणाऱ्या गिटारच्या तुकड्याच्या) बाबतीत बरोबरच आहे ते, पण त्याच्या सोलोमध्ये बघायचं असेल तर डिक्सी ड्रेग्जचा स्टीव्ह मोर्स आणि जॅझ फ्युजनचा गिटारवाला अल डी मिओला ऐका. आणि त्याहून महत्त्वाचं, गिटार आणि कीबोर्ड दोघं मिळून एकच अवघड ओळ, प्रचंड वेगात, एकही सूर इकडेतिकडे न होता वाजवतात ना, ज्याला युनिसन म्हणतात, ड्रीम थिएटरची सहीच आहे ती, ती मेटलमधून आलेलीच नाही. मेटलमध्ये दोन गिटार असतात आणि त्या एकमेकींच्या वरखाली सूर धरून वाजतात, मेडनसारख्या. यांच्याकडे गिटारवाला एकच. युनिसनची ही पद्धत जॅझ फ्युजनवाल्यांची (जॅझ आणि रॉक एकत्र करणाऱ्यांची), १९७१ चा महाविष्णू ऑर्केस्ट्राचा पहिला अल्बम लावा, जॉन मॅक्लॉफलिनची गिटार, जेरी गुडमनचं व्हायोलिन आणि यान हॅमरचा कीबोर्ड एकमेकांना चिकटून पळतात. तीच गोष्ट डिक्सी ड्रेग्जमध्ये स्टीव्ह मोर्सची गिटार आणि व्हायोलिन करतात. आता गंमत बघा, २००९ ला ड्रीम थिएटरने डिक्सी ड्रेग्जचं 'ओडिसी' कव्हर केलं तेव्हा व्हायोलिन वाजवायला कोण आलं? खुद्द जेरी गुडमन. आणि त्याच अल्बममधल्या 'द बेस्ट ऑफ टाइम्स'च्या सुरुवातीला जे हळवं व्हायोलिन आहे तेही त्याचंच. ते गाणं पोर्टनॉयने वडिलांवर लिहिलंय, ज्यांनी बँडला नाव दिलं ते वडील, त्याच वर्षी गेले ते. व्हायोलिन संपलं की गिटार जी उसळी घेते ती माझ्या कानाला पूर्ण रश वाटते, उजेड पडल्यासारखी. म्हणजे मोर्सच्या गावाला जायचा रस्ता, रशचं दार आणि महाविष्णूचा माणूस, सगळं एका अल्बमात.

तिसरी पायरी मोजणी. घाबरू नका, आपल्याला मात्रा मोजायची सवय असते, निदान ऐकून तरी माहीत असतं की सम म्हणजे काय. सुरुवात पिंक फ्लॉइडच्या 'मनी'पासून करा. बेसची ती प्रसिद्ध ओळ सुरू झाली की बोटांवर मोजा, सात मात्रांनी ती परत पहिल्या सुरावर येते, रूपक जितका लांब तितकीच. मग गिटारचा सोलो आला की एकदम सरळ चारची चाल होते आणि शरीराला हायसं वाटतं. हा फरक एकदा अंगात भिनला की रशचं 'टॉम सॉयर' लावा, १९८१ चं, त्याच्या मधल्या वाद्यांच्या तुकड्यातही सात आहेत पण तिथे ती सात लंगडत नाहीत, पळतात. आता ड्रीम थिएटरचं कुठलंही सातमधलं रिफ घ्या आणि स्वतःला विचारा, हे सात डुलतायत की पळतायत? डुलत असतील तर फ्लॉइडच्या बाजूला शोधा, पळत असतील तर रशच्या. ही माझी घरगुती पद्धत आहे, दरवेळी चालत नाही, पण 'टाइम सिग्नेचर विचित्र आहे म्हणजे प्रोग' एवढ्यावर थांबण्यापेक्षा खूप बरी.

आता एक गाणं सोबत बसून उलगडू. 'ऑक्टेव्हेरियम', २००५, चोवीस मिनिटं. आठवा स्टुडिओ अल्बम, त्यात आठ गाणी, त्यातलं शेवटचं हे. सुरुवातीला काय होतं? काहीच होत नाही. कीबोर्डचा एक लांब सूर तरंगत राहतो आणि त्याच्यावर काहीतरी गिटारसारखं गातं, सावकाश, दोन सुरांच्या मधली सगळी जागा घासत, अगदी मींड घेतल्यासारखं. आता १९७५ चं पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लावा. तरंगता सूर, त्यावर घाई नसलेली गिटार, आणि गायक येईपर्यंत आठ मिनिटं उलटून गेलेली असतात. कोणालाही कळेल की हा नमस्कार आहे. पण इथे माझी फजिती झालेली ती सांगतो. मी कित्येक महिने ठामपणे सांगत फिरायचो की पेट्रुचीने इथे फ्लॉइडचा गिटारवाला गिल्मोर याची काय नक्कल केलीये, स्लाइड (तारेवर नळी सरकवून वाजवायची गिटार) किती सुंदर वाजवलीये. मग २००६ च्या 'स्कोअर' या लाइव्ह व्हिडिओत ते बघितलं आणि ते वाजवणारा निघाला कीबोर्डवाला! रुडेस कंटिन्युअम नावाच्या वाद्यावर बोटं सरकवत होता, त्याला पियानोसारख्या सुट्या पट्ट्या नसतात, मऊ सपाट पृष्ठभाग असतो, बोट जिकडे सरकेल तिकडे सूर सरकतो, आणि मग तोच माणूस लॅप स्टीलवर (आडवी ठेवून वाजवायच्या स्लाइड गिटारवर) गेला. म्हणजे प्रभाव मी बरोबर ओळखला होता पण माणूस चुकीचा पकडला होता. तेव्हापासून सवय लावून घेतली, बोलायच्या आधी लाइव्ह व्हिडिओ बघायचा. कोण वाजवतंय ते डोळ्याने बघितल्याशिवाय नाव घ्यायचं नाही.

त्याच गाण्यात पुढे 'फुल सर्कल' नावाचा भाग येतो आणि तिथे प्रभाव शब्दांतच येतात. पोर्टनॉयने गाण्यांची आणि बँड्सची नावं अंताक्षरीसारखी एकमेकांत अडकवलीत, एका नावाचं शेपूट पकडून दुसरं नाव सुरू होतं. त्यात बीटल्सचं 'डे ट्रिपर' आहे, जेनेसिसचं 'सपर्स रेडी' आणि 'सिनेमा शो' आहेत, आणखी बरंच आहे. सगळं मी इथे फोडणार नाही, लिरिक्स समोर ठेवून स्वतः शोधा, एक संध्याकाळ मस्त जाते. आणि गाणं संपताना जे ऐकू येतं ते अल्बमच्या पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला नेऊन जोडा, मग 'फुल सर्कल'चा दुसरा अर्थही लागेल.

एवढं झालं की प्रत्येक गोष्टीत प्रत्येकजण ऐकू यायला लागतो, हा आजारच आहे, मला झाला होता. त्यावर दोनतीन उपाय. एक म्हणजे साल बघा. साधी गोष्ट पण लोक तावातावाने भांडतात आणि शेवटी कळतं की ज्याचा प्रभाव म्हणत होतो ते गाणं नंतरचं आहे. दुसरं म्हणजे दोघांचा आजोबा एकच असू शकतो. दोन गिटारांचे जोडसूर ऐकले की मेडन म्हणायची घाई होते, पण मेडनच्याही आधी थिन लिझी आणि विशबोन अॅश ते करत होते, त्यामुळे नुसते जोडसूर म्हणजे मेडन हे सिद्ध होत नाही. टापांचा बेस पण सोबत असेल तर मग बोला. तिसरं, प्रभाव फक्त म्हाताऱ्या बँड्सकडूनच येतो असं नाही. 'ऑक्टेव्हेरियम' अल्बममधलं 'नेव्हर इनफ' ऐकून लोक म्हणाले हे तर म्यूज (ब्रिटिश रॉक बँड), आणि खरंच, म्यूजचं 'स्टॉकहोम सिंड्रोम' २००३ चं आहे, शेजारी लावून बघा. वीस वर्षं जुना बँड आपल्यापेक्षा तरुण पोरांचं ऐकतोय, मला यात नाक मुरडण्यासारखं काही वाटत नाही, काहींना वाटतं.

आणि गप्पांत बोलताना तीन गोष्टींची सरमिसळ करू नका: बँडने स्वतः सांगितलंय, बँडने वाजवून दाखवलंय, आणि मला तसं वाटतं. तिसरी कमी दर्जाची नाही, निम्मी मजा तिच्यातच आहे, फक्त ती तिसरी आहे हे सांगून टाकायचं. उदाहरण, 'पुल मी अंडर' हे त्यांचं १९९२ चं गाणं कात्रीने कापल्यासारखं मधेच तुटून संपतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं फाइल खराब आहे. बीटल्सचं १९६९ चं 'आय वॉन्ट यू' पण अस्संच तुटतं. माझ्या मते हे तिकडूनच आलंय, पोर्टनॉय बीटल्सचा इतका वेडा आहे की त्याने नुसती बीटल्स वाजवायला वेगळा बँड काढला होता, पण हे माझं मत झालं. तसंच 'होम' किंवा 'द ग्रेट डिबेट' ऐकताना टूल हा बँड आठवतो, ड्रम्स आणि बेस फिरतात त्या पद्धतीमुळे, तेही कानाचं मत. 'कॉपी' हा शब्द मात्र जपून. एकदा तो तोंडातून गेला की समोरचा गाणं ऐकायचं सोडून भांडायलाच लागतो, पुढे तासभर कामाचं काही बोलणं होत नाही.

ही पद्धत दुसऱ्या बँडला लावून बघायची असेल तर ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड घ्या, पण तयारी ठेवा, तिथे खजिना जास्त खोल पुरलेला असतो. त्यांच्या १९९८ च्या अल्बमचं नाव 'माय आर्म्स, युअर हर्स' हे कोमस नावाच्या सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश फोक बँडच्या गाण्यातल्या शब्दांवरून घेतलंय, 'ब्लॅकवॉटर पार्क' हे नाव एका जुन्या जर्मन बँडचं, आणि २०११ च्या 'हेरिटेज'मध्ये 'स्लिदर' हे गाणं रेनबोचा गायक रॉनी जेम्स डिओ याच्या आठवणीत, ऐकल्या ऐकल्या रेनबो कळतं. ओपेथचा म्होरक्या मिकाएल ओकरफेल्ट हा रेकॉर्ड गोळा करणारा माणूस आहे आणि ते दर अल्बममध्ये दिसतं.

आज रात्रीपुरतं एवढं करा: महाविष्णूचा पहिला अल्बम, मग डिक्सी ड्रेग्जचं मूळ 'ओडिसी', मग ड्रीम थिएटरचं कव्हर, मग 'द डान्स ऑफ इटर्निटी', याच क्रमाने, लाइट बंद करून. शेवटच्या गाण्यात गिटार आणि कीबोर्ड एकत्र पळायला लागले की तिथे पॉझ करा आणि मिनिट-सेकंद लिहून ठेवा, पुढच्या वेळी कोणी 'हे तर नुसतं मेटल आहे' म्हणालं की तो आकडा त्याला द्या.